तिसऱ्या मजल्यापर्यंतची धून

३, सोमवार

ही डायरी लेकीने दिली. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर असते, तिथे पेशंटना वाटतात. प्रत्येक पानाखाली दातांबद्दल एक उपदेश छापलाय. माझे स्वतःचे सात उरलेत, म्हणजे उपदेश बहुतेक वाया. ती म्हणाली, "बाबा, दिवसातून चार वेळा फोन करून गॅस बंद केलाय का म्हणून मला विचारता. मला इथून कसं दिसणार? काळजी वाटली की यात लिहा." पाचवीपर्यंत शिकलेला माणूस मी. कारखान्यात टर्नर होतो, लेथवर. जन्मभर लिहिलं ते जॉब कार्डावर: जॉब नंबर, माप, नग, सही. पण लिहीन. गॅस बंद आहे. आत्ताच दोनदा बघितला.

तीस तारखेला हे घर सोडून लेकीकडे जायचं. तिथे लिफ्ट आहे. इथे तिसरा मजला, चोपन्न पायऱ्या, आणि गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय. सामान आवरायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी कपाटावरच्या पेटीपाशी अडलो. हिची गिटार. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले.

ही गिटार छातीशी धरून वाजवायची नाही, मांडीवर आडवी ठेवायची, इस्त्रीच्या फळीसारखी. पोटाला भोकाऐवजी पत्र्याचं जाळीदार झाकण आहे. त्याखाली पातळ ॲल्युमिनियमची वाटी, ती आवाज मोठा करते. तारा बोटांनी दाबत नाहीत. डाव्या हातात लोखंडाची कांडी धरून ती तारांवरून सरकवतात. त्यामुळे सूर उड्या मारत नाही, घरंगळत जातो. हिचा मामा बँडमध्ये होता, त्याने लग्नात दिलेली.

मी कामावरून यायचो तेव्हा ही रोज एकच धून वाजवत असायची. कोपऱ्यावर वळलो की ऐकू यायची, आणि मी दार उघडेपर्यंत थांबलेली असायची. अकरा वर्षांपूर्वी मी रिटायर झालो आणि हिने गिटार कपाटावर टाकली. मी म्हटलं, वाजव की, आता वेळच वेळ आहे. तर म्हणाली, "आता तुम्ही कुठून यायचे आहात?" चेष्टेखोर होती.

आज पेटी उघडली. सहाही तारा एकदम छेडल्या. बेसूर झाल्यात, पण आतून आवाज आला. म्हटलं ती धून गुणगुणावी, म्हणून तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. आठवेचना. घाबरलो. खाली बसलो, पाणी प्यालो. रोज ऐकलेली गोष्ट अशी जाते? मग आणखी काय काय गेलं असेल? तिची टेप नाही, काही नाही. माझ्या डोक्यात नसेल तर ती कुठेच नाही.

ठरवलंय. घर सोडायच्या आत ती धून या गिटारवर वाजवायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

५, बुधवार

बाजारातल्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्याच्या मागच्या खोलीत भिंतीवर अशीच गिटार टांगलेली असते, नंबर तपासताना दिसायची. दुपारी दुकान बंद असतं त्या वेळात शिकवीन म्हणाला. बुधवार आणि शनिवार. माणूस चाळिशीचा, जिभेला धार.

"काका, वय काय?"

सांगितलं.

"मग सुरुवात लवकरच केलीत."

त्याने तारा लावून दिल्या. उजव्या हाताच्या तीन बोटांत घालायच्या नख्या दिल्या. मग मी हिची कांडी काढली. मीच केलेली, स्टेनलेसची, बोटभर लांब. अजून तोंड दिसेल अशी चमकते. वाटलं काहीतरी बोलेल. त्याने ती काउंटरच्या काचेवर ठेवली, बोटाने हलकेच ढकलली, खाली वाकून मागच्या दिव्याकडे डोळा लावून पाहिलं. मग फडक्यात गुंडाळून मला परत दिली.

"ही जपून ठेवा. शिकायला दुसरी वापरा."

एवढंच. चौतीस वर्षांत माझा एक जॉब परत आला नाही, फोरमन स्वतःचं काम माझ्याकडे आणायचा, आणि हा काचा पुसणारा मला सांगणार! त्याला स्वतःकडची विकायची असेल. मी म्हटलं, बघतो. घरी येऊन पित्ताचं औषध घेतलं.

६, गुरुवार

दुसरी कांडी पेटीतच निघाली! अस्तराच्या कप्प्यात, छोट्या डबीत, पातळ कागदात. दुकानाची, कोरी करकरीत. एक ओरखडा नाही. हिने सुटी म्हणून ठेवली असावी आणि विसरली. बरं झालं, चष्मेवाल्याचा धंदा बुडाला.

तासभर घासलं. गिटारच्या दांड्यावर आडव्या पट्ट्या आखलेल्या असतात; कांडी पट्टीच्या रेषेच्या बरोबर डोक्यावर हवी, केसभर इकडेतिकडे झाली की तार रडते. माझी सतत इकडेतिकडे. दुसऱ्या मजल्यावरची शिवणवाली वर आली. तिला आम्ही टाचणी म्हणतो, कारण तोंडात कायम चार टाचण्या धरून बोलते.

"भाऊ, मांजर अडकलंय का कुठे?"

"मी शिकतोय."

तिने टाचण्या काढून हातात घेतल्या. "वहिनींची?" म्हणाली. मग खाली गेली. परत तक्रार करेल असं वाटतंय.

८, शनिवार

चूक झाली. काल गिटारचं झाकण पुसायला काढलं, तर वाटीच्या मधोमध एक स्क्रू, आणि तो ढिला. ढिला स्क्रू मला बघवत नाही. बसेल तेवढा घट्ट बसवला. मग आवाजच गेला. डब्यावर चमचा मारल्यासारखा झाला. हिची गिटार मारली मी, पाच दिवसांत.

चष्मेवाल्याने दोन मिनिटांत सैल करून दिला.

"काका, या वाटीला थरथरायला जागा लागते. कसून बांधली की ती बोलणार कशी?"

"मला वाटलं ढिला राहिलाय."

"राहिला नव्हता, ठेवला होता. तुम्हाला सगळं जरा जास्तच चांगलं करायची खोड दिसते."

स्तुती आहे की टोमणा ते कळलं नाही. कांडी फार दाबतो असंही म्हणाला. "लेथवर नाही आपण. तार कापायची नाहीये. नुसतं टेकवा, पाण्यावर पान पडतं तसं."

९, रविवार

लेक आली. भांडी कागदात गुंडाळली. मी म्हटलं, ऐक, आणि शिकलेले चार सूर वाजवून दाखवले. ती आधी हसत होती. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "ही कांडी कुठे मिळाली?"

"पेटीत. तुझ्या आईने नवीकोरी ठेवून दिलेली. वापरलीच नाही बघ, कागदसुद्धा तसाच होता."

"हो," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. परत आली तर नाक लाल. हवा बदलतेय, तिला सर्दी झाली असावी. आल्याचा चहा घे म्हटलं तर म्हणाली, काही नको. काळजी वाटते, दिवसभर लोकांच्या तोंडासमोर बसते.

११, मंगळवार

आज मोठी गोष्ट झाली. ब्रेड आणायला खाली गेलो होतो. येताना दुसऱ्या वळणावर दम लागला म्हणून कठड्याला धरून उभा राहिलो, आणि धून आली! पुरी नाही, तिथलाच तुकडा. खालच्या तारांवर दोनदा घुटमळून एकदम वर चढते तो. माझा पाय सव्विसाव्या पायरीवर होता. पुढे चढलो तर पुढचं आलं. घरात येऊन खुर्चीत बसलो, तर साफ.

मग लक्षात आलं. मी ती कधी बसून ऐकलीच नाही. चालत ऐकली, चढत ऐकली. डोक्यात नाही, ती पायांत आहे.

तीनदा खाली जाऊन वर आलो. गुडघे शेकतोय.

१२, बुधवार

चष्मेवाल्याला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मग खडू घ्या. जी पायरी आठवेल तिच्यावर पट्टीचा आकडा लिहा. पाच, सात, बारा, जे असेल ते. वर येऊन वाजवून बघा, चुकलं तर पुसा."

हे काम मला जमतं. जॉब कार्डच ते.

एक गोष्ट लिहायची राहिली. लिहू नये असं वाटत होतं, पण मग डायरी कशाला? लग्नाला वर्ष झालं नव्हतं. त्या दिवशी मला पॉवर प्रेसच्या शेजारी लावलं होतं, आठ तास कानात धाड धाड. घरी आलो तर ही वाजवत होती. मी म्हणालो, "दिवसभर लोखंड ऐकतो, घरी तरी ते कण्हणं नको." तिने कांडी खाली ठेवली. तेव्हा ती कांडी म्हणून औषधाच्या बाटलीची मान वापरायची. वाटोळी काच तारांवर टेकवून. चिडली नाही, रडली नाही. "डबा द्या," म्हणाली.

त्यानंतर मी दार उघडायच्या आतच ती थांबायची. पाऊल ऐकलं की बंद. मला तेव्हा वाटलं होतं, तिला माझं म्हणणं पटलं.

मग मी ती कांडी केली. रॉडचा एक तुकडा उरला होता. लेथवर काढला, आणि तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत हाताने पॉलिश पेपर मारत बसलो. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग तेल लावून फडकं. चेहरा दिसेपर्यंत. तिला दिली तेव्हा काय बोललो आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

१४, शुक्रवार

एकतीस पायऱ्या भरल्या. कोपऱ्यावरचा भाग रस्त्यातला, तिथे खडू कसा मारणार? तो तिथे उभा राहून कागदावर लिहितो. तिथल्या दुकानातला छपाईवाला विचारतो, "काका, रोज कुणाची वाट बघता?"

टाचणीने तिच्या दारासमोरची पायरी पुसायची नाही म्हणून झाडूवाल्याला दम दिला. तोंडात टाचण्या ठेवून दिला, त्यामुळे तो जास्तच घाबरला.

१६, रविवार

लेकीशी वाजलं. जिन्यात आकडे बघून ती वर येईपर्यंत तापली होती, वर टाचणीने सांगितलंय की मी दिवसातून सहा सहा फेऱ्या मारतो.

"बाबा, ज्या जिन्यासाठी तुम्हाला घेऊन जातेय, तोच चढताय दिवसभर? पडला असतात म्हणजे?"

"पडलो नाही ना."

"आणि ते गाणं आत्ता कशाला हवंय तुम्हाला? तेव्हा तर..." एवढं बोलून थांबली.

"तेव्हा तर काय?"

"काही नाही. आधी मला विचारलं असतंत तरी चाललं असतं."

गेली. डबा तसाच ठेवून गेली. तिला काय विचारायचं होतं? जिना चढायची परवानगी? पोरगी होती ती तेव्हा, कोपऱ्यात अभ्यास करत बसायची. तिला काय आठवणार!

तिला घरी पोचल्यावर फोन करायला सांगायचं राहिलं. दोनदा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलून "पोचले" एवढंच म्हणाली.

१९, बुधवार

चोपन्न पायऱ्या पूर्ण. कोपऱ्यापासून त्रेपन्नाव्या पायरीपर्यंत सगळे आकडे हातात आले. चोपन्नाव्या पायरीवर काही नाही, तिथे नेहमी शांतच असायचं. चष्मेवाल्यापुढे सलग वाजवलं. एक सूर चुकला नाही. तो मान हलवत होता.

"बरोबर?" म्हणालो.

"बरोबर."

"पण ती नाही ही."

"नाही?"

"आकडे तेच, पट्ट्या त्याच. पण ती वाजवायची ते असं सरळ नसायचं. झोपाळ्यासारखं हलायचं. खालच्या तारा, मग वरच्या, मग खालच्या. सगळं एकदम कधीच नाही." मला नीट सांगता येईना. चष्मेवाला माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण दुकान उघडायची वेळ झाली.

घरी आलो. पाठ लागत नाही कुठे. अकरा दिवस राहिले. शिवाय शेवट नाही, कारण शेवट मी ऐकलेलाच नाही. सुरुवातही कोपऱ्याच्या अलीकडची कुठे माहीत आहे? मी म्हणजे मधलाच तुकडा घेऊन बसलोय. म्हातारपणी नसती उठाठेव.

२०, गुरुवार

हत्यारांची पेटी आवरत होतो. केसाची जाडी मापणारा मायक्रोमीटर निघाला. तेल लावलेल्या फडक्यात होता, अजून लोण्यासारखा फिरतो. हातात आला की काहीतरी मापावंसं वाटतं. हिची कांडी टेबलावर होती. घेतली.

मध्ये मापली. डावं टोक मापलं. उजवं मापलं. मग चष्मा पुसला आणि परत मापलं.

दोन्ही टोकं मध्यापेक्षा चाळीस शतांश मिलिमीटर बारीक. चाळीस! दोन शतांशासाठी मी जॉब भंगारात टाकलेत. कांडीला पोट आहे. तारांनी घासून ती मध्येच झिजायला हवी होती, म्हणजे नवी होती तेव्हा पोट याहून मोठं असणार. लेथवरून उतरली तेव्हा सरळ होती, मापलेलं मला आठवतंय. ते तीन दिवस. हाताने पेपर मारताना दाब टोकांवर पडतो, हे पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असतं. पॉलिश झाल्यावर मी मापलीच नाही. का, तेही आठवतंय. मायक्रोमीटरने चकाकीवर चरा पडेल म्हणून.

आयुष्यात एकच जॉब खराब केला, आणि तो हिला दिला.

जेवलो नाही.

२२, शनिवार

कांडी चष्मेवाल्याच्या काचेवर ठेवली. बोटाने ढकलली. डुलली.

"बत्तीस वर्षं तिने हीच वापरली. तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," मी म्हटलं.

"काचेचं काम आहे माझं, काका. खालून उजेड दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

"काकू बत्तीस वर्षं बोलल्या नाहीत. मी कोण?"

त्याने माझ्या मांडीवर गिटार ठेवली, हातात ती कांडी दिली. "आता वाजवा. सहाही तारांवर बसणार नाही ती, सक्ती करू नका. खाली कलवा, तीन तारा घ्या. वर कलवा, तीन घ्या. दुसरा इलाजच नाही हिला."

खाली कलवली. वर कलवली. चौथ्या की पाचव्या सुराला माझा हात आपोआप डुलायला लागला, आणि मी थांबलो, कारण खोलीत ती होती. म्हणजे कुणी नव्हतं. पण तेच. तोच झोका.

चष्मेवाला उठून दुकानात गेला आणि उगीचच फ्रेमी पुसत बसला. भला माणूस आहे. मागे जे लिहिलं ते खोडायला हवं, पण पेनने लिहिलंय.

२३, रविवार

लेक आली. मी मायक्रोमीटर तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. माझी कांडी वाकडी, तिची आई तिच्यावर सांभाळून घेत राहिली. तिने ऐकून घेतलं. मग दुसरी, कोरी कांडी हातात घेतली.

"ही मी दिली होती आईला. पहिल्या पगारातून. दुकानदार म्हणाला, सगळ्यात उत्तम. आईने उघडून बघितली, माझा मुका घेतला आणि कप्प्यात ठेवली. एकदाही वापरली नाही. मी विचारलं तर म्हणाली, हाताला सवय नाही गं. मला वाटलं, माझी वस्तू तिला आवडली नाही. एकवीस वर्षं वाटतंय."

"अगं, मग तेव्हा म्हणालीस का नाहीस?"

"तुम्ही म्हणता सगळं?"

बरोबर आहे. मग मी विचारलं. पंधरा दिवसांपूर्वीच विचारायला हवं होतं. "तुला आठवते का ती धून? शेवट कसा होता?"

ती माझ्याकडे असं बघू लागली, जणू मी परत गॅसबद्दल विचारलंय.

"शेवट कसला, बाबा? तिला शेवट नव्हता. कारखान्याचा भोंगा झाला की आई सगळं टाकून बसायची. मला म्हणायची, तुझे बाबा निघाले. मग वाजवत राहायची. तेच फिरून फिरून. तुम्हाला गेटवर कुणी भेटलं, उशीर झाला, की धून लांबायची. पाऊस असला की तुम्ही भराभर यायचात, मग छोटी. तुमचं पाऊल दारात वाजलं की झालं. तोच शेवट."

"मी म्हणालो होतो, म्हणून थांबायची ती. कण्हणं नको म्हणालो होतो."

"ते मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की ती थांबली की हसायची. मी समोर बसलेली असायचे."

मी उठून खिडकी लावायला गेलो. लावलेलीच होती.

जाताना तिने स्वतःच विचारलं, "माझ्या कांडीवर शिकलात ना पण?"

"तिच्यावरच. तुझी सरळ होती म्हणून आकडे तरी सापडले."

"मग ठीक आहे," म्हणाली. आज सर्दी नव्हती, तरी नाक लाल.

२७, गुरुवार

रोज दोन तास. शिकायला तिची कांडी, वाजवायला माझी. टाचणी आज कापड मापता मापता वर आली, दारात उभी राहिली, म्हणाली, "भाऊ, मांजर सुटलं वाटतं."

गुडघा सुजलाय. जिना आता फक्त एकदाच उतरायचा.

३०, रविवार. लेकीच्या घरून

सामानाची गाडी सकाळी पुढे गेली. लेक तिच्यासोबत इकडे सामान उतरवून घ्यायला आली आणि दुपारी मला न्यायला परत येणार होती. मी, एक खुर्ची आणि गिटार मागे राहिलो. गॅसची शेगडीसुद्धा गेली, तरी मी दोनदा तिच्या जागेकडे बघून आलो.

रिकाम्या खोलीत गिटार फार मोठी वाजते. भिंतींना काही उरलेलं नाही, तर सगळा आवाज परत अंगावर येतो. खिडकीतून कोपरा दिसतो. तिथे बसून मी वाट बघत होतो. लेक बसमधून उतरताना दिसली तेव्हा सुरू केलं. भोंगा आता कुठे आहे!

खाली कलवली, वर कलवली. दोन ठिकाणी तार रडली, राहू दिलं. छपाईवाल्याच्या दुकानापाशी ती थांबलेली दिसली, बहुतेक ऐकू आलं असावं. मग इमारतीत शिरली. मला पावलं ऐकू येत होती. पहिलं वळण. मी तिच्या पायांबरोबर वाजवत होतो, सव्विसाव्या पायरीला खालच्या तारांवर दोनदा घुटमळून वर चढलो. टाचणीचं दार उघडल्याचा आवाज आला. दुसरं वळण. तिची चाल आईची आहे, हे मला आजवर कळलं नव्हतं. पन्नास, एकावन्न. मग दारासमोर पाऊल वाजलं आणि माझा हात थांबला. मी थांबवला नाही, आपोआप थांबला. कांडी तारांवरून उचलली गेली.

म्हणजे पुरी वाजवली मी. शेवटासकट.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी वाट पाहिली. ते उघडेना. पलीकडे ती उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता, चोपन्न पायऱ्यांचा. वाटलं चक्कर आली का, उठायला गेलो, मांडीवर गिटार.

"काय गं, ये की आत!"

मग दारापलीकडून तिचा आवाज आला, जरा घोगरा.

"बाबा, मी अजून कोपऱ्यावरच आहे. तुम्ही वाजवा."